आबांचा बुधवार

मंगळवार, १६ एप्रिल २०२४

विमानाची चाकं आम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाच्या धावपट्टीला टेकली तेव्हा मी हिला म्हणालो, "आपण आत्ता एका तळ्याच्या तळाशी उतरलोय बरं का." नऊ तास बसून हिचे गुडघे आखडले होते. तिनं नुसती मान हलवली. मला मात्र राहवेना. ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली निम्मी कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात. पाणी अडवायचं, साठवायचं, शेतापर्यंत पोचवायचं, हेच आयुष्यभर केलं. आणि आमची लेक राहते ती नेदरलँड्समध्ये, अशा मुलखात, जिथं पाणी उपसून बाहेर काढल्यावर खालून जमीन निघाली.

बाहेर लेक धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. जावई सामानाची गाडी ओढायला पुढं झाले. छोटी मात्र जागची हलली नाही. दीड वर्षापूर्वी ती सांगलीला आली होती, त्यातलं तिला किती आठवत असेल कुणास ठाऊक. पण रोज व्हिडिओ कॉल असतो, म्हणून चेहरे ओळखीचे. मला खालपासून वरपर्यंत निरखून तिनं विचारलं, "आबा, तुमचा दिवस कुठला?"

मला कळेना. लेकीनं गाडीत उलगडून सांगितलं. इथं आईबाप दोघं नोकरीला असले की आठवड्यातला एखादा दिवस नातवंडांना आजी-आजोबा सांभाळतात. त्या दिवसाला नावच आहे. ओपादाख म्हणजे आजोबांचा दिवस, ओमादाख म्हणजे आजीचा. छोटीच्या पाळणाघरातल्या कुणाचा ओपा शुक्रवारी घरी येतो, कुणाची ओमा बुधवारी. छोटी सोमवार, मंगळवार आणि गुरुवारी पाळणाघरात असते, बुधवारी आईजवळ, शुक्रवारी बाबाजवळ. तिथल्या ताईंनी एकदा विचारलं, तर हिनं सांगितलं म्हणे, "माझे आबा रोज फोनमध्ये येतात, पण त्यांचा दिवस नाही."

"बाबा, माझा बुधवार मी तुम्हाला देते," लेक म्हणाली. "चार बुधवार मिळतील. त्या दिवशी मी ऑफिसला जाईन."

व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. आम्ही चारच आठवड्यांसाठी आलो, कारण माझी आई ८७ वर्षांची आहे आणि तिला धाकट्या भावाकडं ठेवून यावं लागलं. इकडं यायचं तर लेकीनं नगरपालिकेतून सही-शिक्का करून पाठवलेला आमंत्रणाचा कागद, ३०,००० युरोंचा आरोग्यविमा, परतीचं तिकीट, बँकेचे उतारे, सगळं जमवावं लागतं. माझे आजोबा आत्याकडं जायचे ते हातात भाजीची पिशवी घेऊन, न कळवता. त्यांची मला त्या फायली लावताना फार आठवण झाली.

घर आम्स्टेलव्हेनच्या वेस्टवाइक भागात आहे. एकाला एक चिकटून विटांची घरं, मागं चार पावलांची बाग, आणि जिना असा उभा की शिडीच. संध्याकाळी साडेसातला बाहेर लख्ख ऊन होतं, पण पडदे ओढून छोटीला झोपवलं. आमच्या घड्याळात तेव्हा रात्रीचे अकरा झाले होते. माझ्यासाठी तिनं एक चित्र काढलं होतं, पण ते हातात दिलं नाही. माझ्या उशीजवळ ठेवून गेली. निळ्या खडूनं सगळा कागद भरलेला आणि मध्ये तीन माणसं.

बुधवार, १७ एप्रिल

आमचा पहिला दिवस. पहाटे साडेतीनलाच जाग आली. साडेसातला लेक सायकल काढून निघाली. दारात थांबून मागं वळून पाहिलं, ते छोटीकडं नाही, माझ्याकडं. मी तिला पहिल्यांदा बालवाडीत सोडलं तेव्हा मीही असाच वळून पाहत होतो.

जावयांनी आम्हाला आम्स्टरडॅमसे बॉसमध्ये सोडलं. बॉस म्हणजे रान. हजारेक हेक्टरांचं हे रान माणसांनी हातानं लावलेलं आहे. १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, बेकार लोकांना काम म्हणून ते सुरू झालं. फावडं आणि ढकलगाडी घेऊन हजारोंनी तिथं माती ओढली. मी नोकरीच्या सुरुवातीला जत आणि आटपाडीकडं रोजगार हमीच्या पाझर तलावांवर मोजमापं घ्यायला जायचो. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांची रांग, चुन्याच्या रेघा, शनिवारचा हजेरीपट. इथल्या दाट झाडीतून चालताना मला ती माणसं दिसत होती. त्यांच्या तलावांत काही वर्षं पाणी असतं, काही वर्षं नसतं. इथल्या मजुरांनी लावलेली झाडं आता तीन मजले उंच झालीत, आणि मुळांना पाणी लागू नये म्हणून जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकलेले आहेत. तिथं पाणी मुरवायचं होतं, इथं काढायचं होतं. घाम तोच.

रानात शेळ्यांचा गोठा आहे. लहान मुलांना दुधाच्या बाटल्या देतात आणि करडं येऊन त्या ओढतात. छोटीनं मला बाटली कशी तिरकी धरायची ते दाखवलं. मग शेळीला डच भाषेत काय म्हणतात ते शिकवायला बसली. 'ग' लिहितात आणि घशातून 'ख' काढतात. मी म्हटलं ते तिला पटेना. "नाही आबा, इथून," म्हणत तिनं माझ्या गळ्यावर बोट ठेवलं. सहा-सात वेळा झाल्यावर मान डोलावली.

दुपारी हिनं डब्यातला मेतकूट-भात काढला. छोटी एक घास खायची आणि म्हणायची, "लेकर!" ही भरून पावली. तिला वाटलं, पोर लाडात येऊन लेकरू म्हणतेय. संध्याकाळी लेकीनं सांगितलं, लेकर म्हणजे चविष्ट. तरी ही तेव्हापासून प्रत्येक घासाला उत्तर देते, "हो गं माझं लेकर."

शनिवार, २० एप्रिल

ज्या जागेसाठी मी जिवाचा आटापिटा करून आलो असतो, ती आज पाहिली. क्रुकियुस.

विमानतळ जिथं आहे तिथं पूर्वी हार्लेमरमेर नावाचं तळं होतं. तळं कसलं, समुद्रच, १८,००० हेक्टरांचा. वाऱ्यानं लाटा उसळायच्या आणि काठ खात सुटायच्या, गावंच्या गावं गिळायच्या. लोक त्याला पाणलांडगा म्हणत. मग त्यांनी तळ्याभोवती ६० किलोमीटरचा कालवा खणला, काठाला बांध घातला आणि वाफेच्या इंजिनांवर चालणारी तीन उपसा केंद्रं बसवली. १८४९ ते १८५२, सव्वातीन वर्षं पाणी उपसलं. त्या तीन केंद्रांपैकी क्रुकियुस आज संग्रहालय आहे.

किल्ल्याच्या बुरुजासारखी गोल इमारत. चहूबाजूंनी आठ लोखंडी तुळया भिंतीतून बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक पंप. आणि आत मधोमध सिलिंडर. व्यास १४४ इंच, म्हणजे साडेतीन मीटरांहून जास्त. वाफेच्या इंजिनाचा याहून मोठा सिलिंडर जगात झाला नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये तो ओतला आणि जहाजानं इथं आणला. आता वाफ नाही, पण ठरलेल्या वेळी तेलाच्या दाबावर यंत्र हलवून दाखवतात. आठही तुळया एकदम सावकाश वर गेल्या, क्षणभर थांबल्या आणि खाली आल्या. माझ्या अंगावर काटा आला. म्हैसाळच्या उपसा योजनेचे पंप पहिल्यांदा सुरू झालेले मी ऐकलेत. पाणी चढतानाचा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

छोटी माझ्या खांद्यावर होती. मी तिला सांगितलं, या यंत्रानं सगळं तळं पिऊन टाकलं.

"मग आता झोपलं?"

"हे झोपलं. पण दुसरे पंप चालू आहेत. पाऊस पडतो, खालून पाणी झिरपतं, ते रोज काढावं लागतं. नाहीतर तळं परत येईल."

"रोज? रविवारी पण?"

"रविवारी पण."

तिनं त्याचा बराच वेळ विचार केला. परतताना गाडीत झोप येत असताना पुन्हा विचारलं, "आणि बुधवारी?"

सोमवार, २२ एप्रिल

क्युकेनहॉफची ट्यूलिपची बाग. ३२ हेक्टर, ७० लाखांच्या आसपास कंद, दरवर्षी हातानं लावलेले. डोळे निवले. फोटो सगळे पाहतात, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. मला बागेबाहेरची शेतं लक्षात राहिली. कितीतरी शेतांतली फुलं खुडून सरींत टाकलेली होती. हिला फार लागलं ते. जावयांनी सांगितलं, इथला शेतकरी फुलासाठी पीक घेत नाही, कंदासाठी घेतो. फूल तोडलं की सगळा जोर खाली कंदात उतरतो. ही गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही.

बुधवार, २४ एप्रिल

दुसरा बुधवार. सकाळपासून बोचरा वारा. तिघं ट्राम आणि मेट्रोनं आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत गेलो. शहर बघायला येणारा माणूस तिथं बहुधा जात नाही. मला जायचंच होतं, कारण तिथं शून्य आहे.

पातळी मोजायला सुरुवात कुठून करायची, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. धरणाची भिंत असो की चारी, सगळे आकडे कुठल्यातरी एका शून्यापासून मोजलेले असतात. इथलं शून्य म्हणजे एन.ए.पी., आम्स्टरडॅमची प्रमाण पातळी. पश्चिम युरोपातले कितीतरी देश उंची मोजताना तिचा आधार घेतात. जिना उतरून खाली गेलं की ते शून्य पितळी गोळ्याच्या रूपात दिसतं. मी त्याला हात लावला. छोटीनंही लावला. तिनं विचारलं, "आपलं घर कुठंय?" मी तिला उचलून जमिनीकडं बोट दाखवलं. वेस्टवाइक या गोळ्याच्या चारेक मीटर खाली आहे. दुमजली घराचा जवळजवळ सगळा खालचा मजला.

वर तीन काचेचे स्तंभ आहेत. दोनांत पाणी समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर वर-खाली होतं. तिसरा उंच आहे, साडेचार मीटरांहून जास्त. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झेलंड प्रांतात समुद्र शिरला, तेव्हा पाणी इथवर होतं. या देशात १,८३६ माणसं गेली.

मी त्या स्तंभापाशी उभा राहिलो तो हललोच नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. आईला आम्ही खुर्चीत बसवून होडीत उतरवलं. लेक तेव्हा इथंच होती. दर तासाला फोन करायची आणि एकच विचारायची, "बाबा, किती फूट?" तिनं आकडाच विचारला, रडली नाही, कारण माझ्याकडून ती तेच शिकली होती. तो पूर ओसरला आणि नंतर चिखल उपसताना मी हिशेब केला, की आमची पोरगी समुद्राच्या पातळीखाली राहते आणि पाणी आमच्याकडं आलं. इथं दर चार वर्षांनी पाणीमंडळाची निवडणूक होते. बांध, पंप, कालवे यांचा कर वेगळा भरावा लागतो, आणि ही मंडळं तेराव्या शतकापासून चालत आलेली आहेत. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी बांध दोघांनी मिळूनच राखायचा. आपल्याकडं पूर ओसरला की बांधही विसरतात. मी खात्यातलाच माणूस आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे आणि लाजही वाटते.

छोटी स्तंभाला टेकून उभी राहिली आणि आपली उंची पाण्याशी मोजत होती. तिथून तिला पटकन बाजूला घेतलं. काचच होती, तरी घेतलं.

शनिवार, २७ एप्रिल

राजाचा वाढदिवस. देशभर सगळे नारिंगी कपडे घालतात. आम्ही एक दिवसासाठी वारकऱ्यांचा भगवा पटका शोभेल अशा रंगाची ओढणी हिच्या खांद्यावर घातली. या दिवशी परवाना नसताना कुणालाही रस्त्यावर वस्तू विकता येतात. मुलं चादर अंथरतात, जुनी खेळणी, पुस्तकं, लहान झालेले बूट मांडतात आणि आपण बसून विकतात. भाव मुलांनीच करायचा.

छोटीची चादर घरासमोर. हिनं आदल्या रात्री शंकरपाळ्या तळल्या होत्या. तूप इथलंच. दुधाचे पदार्थ बाहेरून इथं आणता येत नाहीत, म्हणून घरचं तूप सांगलीतच राहिलं. हिनं दुकानातून बिनमिठाचं लोणी आणून पहिल्याच आठवड्यात कढवलं. घरभर तो वास पसरला तेव्हा लेक ऑफिसची मीटिंग सोडून खाली आली आणि बेरी साखर घालून उभ्यानंच खाल्ली. कागदाच्या पुडीत शंकरपाळ्या, पुडीला ५० सेंट. दुपारपर्यंत डबा रिकामा.

मग मला चादरीवर सावंतवाडीची भातुकली दिसली. २०२१ मध्ये मी ती कुरिअरनं पाठवली होती. लाकडी चूल, घडवंची, पोळपाट, जातं. तेव्हा येणं-जाणं बंद होतं. आपण नाही तर निदान आपल्याकडचं काहीतरी तिच्या हातात असावं, एवढाच हेतू. मी लेकीला म्हणालो, "अगं, हे कशाला ठेवलं?"

"तिनंच ठेवलंय बाबा. तिची खेळणी आहेत, ती ठरवेल."

सहा-सात वर्षांची एक मुलगी आली. चूल हातात घेऊन तिनं काहीतरी विचारलं. छोटी उठली. डच भाषेत ती काय बोलली ते मला एक अक्षर कळलं नाही, पण हात दिसत होते. तिनं फुंकर घातली, पोळी उलटली, हाताला चटका बसल्यासारखं केलं, आणि शेवटी माझ्याकडं बोट दाखवलं. मुलीनं ५० सेंट दिले आणि चूल घेऊन गेली. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. संध्याकाळी चादर गुंडाळताना जातं तेवढं शिल्लक होतं. एका बाईंनी ते मागितलं होतं, असं लेक म्हणाली. छोटीनं दिलं नाही. "ते आजीचंय," म्हणून सांगितलं. सांगलीला असताना आजीच्या मांडीवर बसून तिनं खरं जातं फिरवलं होतं. म्हणजे आठवतं तिला.

रविवार ते मंगळवार

पाऊस. हिचे गुडघे, जिना आणि गरम पाण्याची पिशवी. कर्नेमेल्क नावाचं ताक इथं पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं, त्याची कढी अगदी आपल्यासारखी होते.

सोमवारी रात्री ओटा आवरताना हिनं लेकीला ते विचारलं, जे चार वर्षं विचारलं नव्हतं. छोटी २०२० च्या मेमध्ये झाली. आमची तिकिटं एप्रिलची होती. मार्चमध्ये विमानं बंद झाली. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, सगळं हिनं आणून डब्यांत भरून ठेवलं होतं, ते वर्षभर तसंच राहिलं. लेकीचं पहिलं बाळंतपण आणि आई जवळजवळ ७,००० किलोमीटरांवर. ही म्हणाली, "तेव्हा तुझं केलं कुणी? खरं सांग."

लेकीनं सांगितलं. इथं बाळंतिणीच्या घरी आठवडाभर एक प्रशिक्षित बाई येते, क्रामझोर्ग म्हणतात त्या व्यवस्थेला. तोंडाला मास्क लावून ती रोज यायची. बाळाला न्हाऊ घालायला शिकवलं, अंगावर कसं पाजायचं ते शिकवलं, कपडे धुतले, लेकीला झोपायला लावलं. पहिल्या दिवशी तिनं बिस्किटासारख्या कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून त्यावर गुलाबी-पांढऱ्या साखरेच्या बारीक गोळ्या भुरभुरून दिल्या. बाळ झालं की इथं तेच वाटतात. त्या गोळ्यांच्या आत बडीशेपेसारखं बी असतं. दूध चांगलं येतं म्हणून जुन्या काळापासून देतात.

ही फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे शोपा दिल्या तुला कुणीतरी." आणि लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी वर गेलो. तिथं माझं काम नव्हतं.

बुधवार, १ मे

महाराष्ट्र दिन. एवढी वर्षं या दिवशी सकाळी कचेरीत झेंडावंदनाला उभा राहिलो. आज तिसरा बुधवार, ऊन पडलेलं, आणि छोटीला तळं प्यायचं होतं.

बागेच्या कोपऱ्यात तिची वाळूची चौकट आहे. आम्ही शेजारच्या मातीत खणायला घेतलं. दोन फुटांवर पाणी लागलं! आमच्याकडं पूर्व भागात पाचशे-सहाशे फूट बोअर मारून कोरडी धूळ निघते. मी ते पाणी ओंजळीत घेऊन बघत बसलो. छोटीला नवल वाटलं नाही. तिच्या लेखी जमिनीखाली पाणी असतंच.

मग बांध घातला. माती थराथरानं टाकायची, प्रत्येक थर चोपायचा, उतार दोन्हीकडं ठेवायचा, हे सगळं मी तिला रीतसर शिकवलं. बांधाच्या आत एक विटेएवढी जमीन कोरडी केली आणि भोवती वर्तुळाकार कालवा. पंप म्हणजे तिचा पिवळा प्लास्टिकचा पेला. आतलं पाणी काढून कालव्यात टाकायचं आणि मोजायचं. ती डचमध्ये मोजायला लागली, मी मराठीत. पाचाला दोघांचा मेळ बसला, कारण तिथं ती मराठीत आली. "पाच, सहा, सात." सातव्या पेल्याला तळ दिसला. तिनं त्यावर जातं आणून ठेवलं आणि म्हणाली, "इथं आजी राहणार."

दुपारी पुरणपोळी झाली. तिखटावर पोसलेल्या आमच्या घरात या पोरीला कटाची आमटी झेपत नाही, दुधात पोळी कुस्करून खाल्ली.

शनिवार, ४ मे

दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या युद्धांतल्या मृतांचा स्मरणदिवस. संध्याकाळी बरोबर आठला दोन मिनिटं सगळे स्तब्ध उभे राहतात. आम्ही दारात उभे होतो. समोरून सायकलवर येणारा तरुण उतरला आणि हँडल धरून उभा राहिला. कोपऱ्यावरच्या कुत्रं फिरवणाऱ्या बाई थांबल्या. कुठं भोंगा नाही, शिटी नाही. दोन मिनिटांनी तो तरुण पुन्हा सायकलवर बसला. त्याला कुणी बघत नव्हतं, तरी तो उतरला होता.

बुधवार, ८ मे

छोटी चार वर्षांची झाली. बुधवारच होता, चौथा आणि शेवटचा. लेकीनं रजा घेतली होती, पण सकाळी म्हणाली, "दिवस आबांचाच आहे, मी पाहुणी."

हिनं पाटावर बसवून औक्षण केलं. सुपारी, अंगठी, आणि त्या इथल्या लोण्याच्या तुपाचं निरांजन. चार वर्षांत पहिल्यांदा आमच्या हातांनी. डोक्यावर पाळणाघरातल्या ताईंनी करून दिलेला कागदी मुकुट होता, म्हणून अक्षता मुकुटावर टाकल्या.

दुपारी शेजारी आले. सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडल्या. येणारा प्रत्येक जण आधी छोटीला आणि मग एकेकाचा हात हातात घेऊन आम्हालाही शुभेच्छा देत होता. नात चार वर्षांची झाली, म्हणून आजोबांचं अभिनंदन! कुणाचा वाढदिवस असला की घरच्या सगळ्यांचं अभिनंदन करायची इथली रीत आहे. शेजारचे एक आजोबा माझ्याच वयाचे, त्यांचा दिवस शुक्रवार. लेकीनं दुभाषाचं काम केलं. त्यांनी विचारलं, "तुमचा कुठला?"

"बुधवार," मी म्हणालो.

सोमवार, १३ मे

चार वर्षं पूर्ण झाली की इथं मूल शाळेत जाऊ शकतं. पाच पूर्ण झाली की जावंच लागतं. आज छोटीचा पहिला दिवस. लेकीच्या सायकलला पुढं लाकडी खोका आहे, त्यात ती बसली. मी मागून जावयांची सायकल घेतली. त्या सायकलीला ब्रेक हातात नाही, पायडल उलटं दाबलं की थांबते. कालव्याच्या कडेनं सायकल मारली की मला कामावरचे दिवस आठवतात. इथंही कडेला पाणीच, पण रस्त्यापेक्षा वर.

वर्गाच्या दारात बाई प्रत्येक मुलाचा हात हातात घेऊन आत घेत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "ओपा?" छोटीनं मान हलवली आणि त्यांना दुरुस्त केलं. "आबा," ती म्हणाली. बाईंनी दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा तिला पटलं आणि ती आत गेली. वळून पाहिलं नाही. लेक आणि मी दोघं सायकली धरून दारात उभे होतो.

बुधवार, १५ मे

काल दुपारी निघालो, मध्यरात्री मुंबई, पहाटेची गाडी, अकराला सांगली. आईनं दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. अंगणात ऊन मी म्हणत होतं.

चारला फोन वाजला. तिथं साडेबारा, बुधवारी शाळा लवकर सुटते. छोटी बागेत होती, फोन लेकीनं धरलेला. आमच्या बांधाचा एक कोपरा खचला होता, आणि आत तुडुंब पाणी होतं. जातं पाण्यात.

"आबा, रात्री पाऊस आला."

"मग आता?"

तिच्या हातात तो पिवळा पेला होता. तिनं शाळेचं जाकीटही काढलेलं नव्हतं. ती उकिडवी बसली आणि पहिला पेला भरून कालव्यात ओतला.

"मोजा," ती म्हणाली.